सर्बियातल्या म्हातारीचा दगड

शिरवळच्या कंपनीत होता तेव्हा पोरगा दर शनिवारी पलूसला घरी यायचा. आता वेल्डिंगच्या कामावर पार सर्बियात गेलाय. कारखान्याजवळच्या बारक्या गावात एका विधवा म्हातारीच्या घरी खोली घेऊन राहतो. गाव कसलं, निम्म्या घरांना कुलपं. शाळा बंद, तरणी माणसं जर्मनीला. म्हातारीची पोरंही तिकडंच. ती याला ढबू मिरच्या भाजून खायला घालते, आजारपणात उशाशी बसते. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू!

परवा दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथल्या स्मशानात थडग्यावर मेणबत्ती लावायला गेलेला. एका काळ्या दगडावर दोन फोटो कोरलेले. एक म्हातारीच्या नवऱ्याचा. आणि दुसरा? डोक्याला रुमाल बांधून हसणारी म्हातारीच की! तेवढ्यात रेंज गेली.

अगं बाई, गेली वाटतं! मग डोक्यावरून पाणी घेतलं, मालकांनाही घ्यायला लावलं. ते मिल्ट्रीतून रिटायर झालेले, पण गपगुमान मोरीत गेले. आणि वाईट वाटता वाटताच मनात आलं, आता पोरगं दिवाळीला नक्की येणार. कंत्राट तेव्हाच संपतंय. शी! माझीच मला लाज वाटली.

संध्याकाळी फोन उचलला, तर समोर साक्षात म्हातारी. हातात कॉफीचा कप! "आरं, ही गेली न्हवं?" मी ओरडलेच. पोरगा पोट धरून हसायला लागला.

"आई, हितं जित्तेपणीच दगड करून ठेवत्यात. नवरा गेला तवा जोडीचा केला. तिच्या मरणाच्या सालाची जागा मोकळी हाय."

"ती कोन भरनार रं?"

त्याचं हसू थांबलं. "मला सांगितलंय तिनं. पोरं कवा येत्यात, कवा न्हाई. मी व्हय म्हनलो."

"आरं, पन दिवाळीला तुझं कंत्राट संपतंय न्हवं?"

"वाढवून घेतलंय."

"कवापतूर?"

त्यानं नुसतं म्हातारीकडं बघितलं. म्हातारीला आमचं एक अक्षरही कळत नव्हतं, ती आपली हात हलवत होती. मला लय राग आला. तिचा का त्याचा, ते काही कळेना. मीही हात हलवला.

सकाळी देवापुढं उभी राहिले. पोराला लवकर घरी आण, म्हणायला गेले आणि जीभच अडली. ते मागणं म्हणजे तिचं मरणच मागणं की!

"एवढं काय मागतीयास गं?" मालकांनी विचारलं.

"काय न्हाई," म्हणत मी समईत तेल घातलं.