शेंदराखालचा वीर

डोमाजीच्या पायाला भिंगरी होती. एसटीची ड्रायव्हरकी संपली तशी ती जास्तच फिरायला लागली. आर्णी, यवतमाळ, पांढरकवडा, जन्मभर त्याच रस्त्यांवर गाडी हाकली. खिडकीतून कुठे पडकी बारव दिसायची, कुठे शेताच्या धुऱ्यावर कोरीव खांब. पण मागे गाडीभर माणसं, थांबणार कसा? आता तो मोपेड काढायचा आणि एकेक जागा गाठायचा. तिथे पोहोचला नाही तोच पुढची जागा डोक्यात घोळायला लागायची.

"घर चावते का तुमाले?" बायको इंदूबाई विचारायची.

"चावत नाही वं. पन उद्या ते राह्यलंच नाही तं?"

हेच त्याचं खरं दुखणं. हा जाईपर्यंत बारव बुजलेली असायची, खांब कुणाच्या तरी गोठ्याला लागलेला असायचा.

यवतमाळात एका जुन्या कापूस गोदामामागच्या बोळात त्याला वीरगळ सापडला. लढाईत पडलेल्या कुणा शूराच्या आठवणीचा उभा दगड. वर ढाल घेतलेला माणूस, आणि अगदी जमिनीलगत झिजलेल्या अक्षरांची एक ओळ. बाकीच्या ओळी मातीत. डोमाजीनं हातानं उकरून पाहिलं, नखं तुटली, माती हलेना. कोण असेल हा गडी? खाली नाव असेल का त्याचं? या विचारानं त्याला जेवण गोड लागेना.

तेवढ्यात बोळात नालीचं काम निघालं. "उद्या हा गोटा भरावात टाकतो," जेसीबीवाला म्हणाला. डोमाजी तडक एका सरकारी कार्यालयात गेला. तिथल्या साहेबानं मोबाइलवरचा फोटो पाहिला, चहा पाजला आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणाला. चहा पिऊन डोमाजी जास्तच तापला.

भर दुपारी, बोळात चिटपाखरू नसताना, तो शेंदूर आणि तेल घेऊन आला आणि पुडी हातात धरून नुसताच उभा राहिला. त्याच्या बापानं, बळीरामनं, छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव अरुणावतीत सोडले. तेव्हापासून त्या घराला शेंदराचं बोट लागलं नव्हतं. पण देवावर जेसीबी घालायची कुणाची छाती नाही, हे तर शेंबडं पोरही जाणतं.

"माफ करजा बाबा," म्हणत त्यानं दगड माखला.

नाली दगडाला वळसा घालून गेली. डोमाजी मनातल्या मनात हसला. काम संपलं की शेंदूर धुवायचा, माती काढायची, ओळी वाचून घ्यायच्या. पण बसलेला देव असा उठतो होय? पुढच्या खेपेला दगडाला हार होता. त्याच्या पुढच्या खेपेला डोक्यावर टिनाचं छप्पर, अंगभर ऑइलपेंट आणि भोवती टाइल्सचा ओटा. पहिली ओळ रंगाखाली, बाकीच्या सिमेंटखाली.

घरी येऊन त्यानं इंदूबाईला सगळं सांगून टाकलं.

"मामंजीनं घरातले देव नदीत सोडले," ती म्हणाली, "अन् तुमी भर वस्तीत नवा बसवला!"

"दगड तं वाचला न!"

"अन् त्या मानसाचं नाव?"

डोमाजीनं खिळ्यावरची किल्ली ओढली. रंग खरवडायला जुनं उलथनं घेतलं आणि थेट बोळ गाठला.

ओट्यावर बोळातली म्हातारी मैनाबाई दिवा लावत होती. "चपला काढा, भाऊ," ती म्हणाली. "माह्या नातवाचा ताप यानंच उतरवला. ज्यानं पह्यला शेंदूर लावला, त्याचं भलं हो बाप्पा!"

उलथनं पिशवीतच राहिलं. डोमाजीला लाज वाटली, आणि राग आला तो स्वतःचाच. तो चपला काढून वाकला आणि बोटांनी रंगाखालची ओळ चाचपू लागला. गुळगुळीत. एक कानामात्रा हाताला लागेना.

मैनाबाईला वाटलं, हा पाया पडतोय. "मांगा, मांगा," ती म्हणाली. "इथं मांगलेलं भेटते."

डोमाजीचे डोळे भरून आले. सगळ्या जन्मात त्यानं कोणत्याच देवाकडे काही मागितलं नव्हतं.

"तुहं नाव सांग गा," तो दगडाला म्हणाला.