विषय क्रमांक सहा

एक्सरेताई आमच्या तंत्रज्ञ संघटनेच्या सुरक्षा समितीवर आल्या, तेव्हा आम्ही चौदा जण आधीच बसलेलो होतो. "एक तरी बाई हवी," एवढंच कारण अध्यक्षांनी दिलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्य तंत्रज्ञ, सगळे त्यांना सर म्हणायचे. ताई मात्र मोठ्या इस्पितळाच्या तळघरात बावीस वर्षं रोज साठ-सत्तर एक्सरे काढत होत्या.

दोन वर्षांत सात बैठका झाल्या. एक समितीच्या नावावर गेली, एक बिल्ल्याच्या रंगावर. दवाखान्यांतले लेड एप्रन, म्हणजे किरणांपासून वाचवणारे शिशाचे जड अंगरखे, तपासायचे हा विषय क्रमांक सहा. तो दर वेळी 'वेळेअभावी' पुढे ढकलला जायचा. मी त्या चौदांतलाच. चहा प्यायचो, मान हलवायचो, घरी जायचो.

ताईंची भावजय एका खासगी दवाखान्यात एक्सरे काढायची. तिला दिवस गेले. "वन्सं, तो एप्रन मेला कसा तरीच ओघळतो हो," ती सहज बोलून गेली. ताईंनी तो मागवून घेतला, टेबलावर पसरला आणि एप्रनचाच एक्सरे काढला. बरोबर पोटाच्या जागी वीतभर भेग.

ती फिल्म घेऊन त्या आठव्या बैठकीला आल्या. दीड तास वार्षिक सभेच्या बॅनरवर खल झाला. मग सर घड्याळ बघत म्हणाले, "सहावा विषय पुढच्या बैठकीत घेऊ."

ताई ताडकन उठल्या. फिल्म खिडकीच्या काचेला धरली. "ही भेग दिसतेय सगळ्यांना? माझ्या भावजयीला चौथा महिना लागलाय. पुढची बैठक तीन महिन्यांनी. पोटातलं पोर तुमची कार्यक्रमपत्रिका बघून वाढतं का, सर?"

"ताई, शिस्त पाळा. अध्यक्षांमार्फत बोला."

"अध्यक्षांशीच बोलतेय!"

मग त्यांनी एकेकाला धरलं. "तुम्ही कुठले दवाखाने तपासणार? कुठल्या तारखेपर्यंत?" एकाचे गुडघे दुखत होते. एकाच्या मुलीची परीक्षा होती. एक म्हणाला, "मी मार्गदर्शन करीन."

"मार्गदर्शन अंगात घालता येतं का? किरण अडवतं का ते?"

माझी पाळी आली. म्हटलं, "स्टेशनमागचे पाच. महिनाअखेरपर्यंत." दातांच्या विभागातला आमचा गप्प्या, ज्याचा आवाज दोन वर्षांत कुणी ऐकला नव्हता, त्यानेही हात वर केला. झालो तिघे.

चार महिने आम्ही सुट्टीच्या दिवशी हिंडलो. प्रत्येकाची यादी वेगळी. दर रविवारी फोनवर दहा मिनिटं काय झालं, काय अडलं एवढंच बोलायचं. एका डॉक्टरांनी दारातूनच पिटाळलं. ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या दारात. बासष्ट एप्रन तपासले, एकोणीस फाटके निघाले.

वार्षिक सभेत सरांनी तेच आकडे वाचून दाखवले, "समितीच्या अथक परिश्रमांतून" म्हणून. पंधरा खुर्च्या मंचावर, त्यात बारा चेहरे कृतकृत्य. ताईंनी सरळ माइक ओढला. "यातल्या बारा जणांनी एक तरी एप्रन उचललाय का? माझा ठराव लिहून घ्या. ज्याच्या नावावर काम नाही, त्याचं नाव समितीवर नाही."

"लेखी द्या, पुढच्या वर्षी बघू," सर म्हणाले.

"नाही! आत्ता मत घ्या!" मागच्या रांगांतून ओरडा झाला. तिथे रोज एप्रन घालणारे बसले होते. ठराव चार मतांच्या फरकाने मंजूर झाला. सर मधूनच उठून गेले. त्यानंतर आम्ही तिघे आणि मागच्या रांगांतले दोघे, अशी समिती झाली पाच जणांची.

भावजयीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पेढे द्यायला ताई माझ्या विभागात आल्या, तेव्हा मी म्हणालो, "आता तरी राग सोडा, ताई."

"सुखरूप झाली हे तिचं नशीब," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं आपण तिथे बसून काय केलं, ते सांग मला."