काझी सरांच्या खडूच्या रेघा

काझी सरांना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. पेशी दुभंगताना डीएनएवरच्या, जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या मिथाइलच्या खुणा कुठं जातात, एवढंच एका मुलीनं विचारलं, तर सरांनी अख्खी बॅच क्लासच्या पार्किंगमध्ये नेली. मुलं जोडीनं उभी केली. काही जोड्यांतल्या दोघांच्याही बाहीवर खडूची रेघ. मग जोड्या फोडल्या आणि प्रत्येकासमोर नवा, कोरा गडी आणला. "आता जुन्याची बाही बघा. रेघ हाय? मग नव्याच्याबी बाहीवर वढा. न्हाई? कोराच ऱ्हाऊ द्या. पेशीत हेच होतं!" पुढचा भौतिकशास्त्राचा तास माझा होता. तो बुडालाच.

कंधारच्या या माणसाला लातूरच्या क्लासमध्ये मीच चिकटवलं होतं, म्हणून तक्रारी माझ्याकडेच यायच्या. "सर, परीक्षेत येत नाही ते कशाला?" म्हटलं की म्हणायचे, "परीक्षेत येत न्हाई म्हणून पेशीनं थांबावं का जनाब?" काय बोलणार, कप्पाळ!

त्यातच क्लासच्या मालकांनी नवी टूम काढली. भूकंपात सापडलेल्या आईबापांची भीती पोरांच्या पेशीपेशीत उतरते, म्हणून अशा मुलांसाठी खास बॅच. पालकसभेत शास्त्राच्या वतीनं 'हो' म्हणायचं काम काझी सरांचं. नाही म्हणालात तर नोकरी गेली, हे त्यांना स्वच्छ सांगितलं होतं. मी अक्षरशः हात जोडले. "बघू," म्हणाले.

सभेत सर उठले. "खुणा पेशीतून पेशीत उतरतात, हे खरं. पर बीज तयार होताना, गर्भ वाढीला लागताना बहुतेक खुणा पुसल्या जातात. आईची भीती अशी लेकरात उतरती, असं मी म्हणू शकत न्हाई." मी डोक्याला हात लावला.

मागून एक बाई उठल्या. भूकंपात त्यांचं घर पडलं होतं. शेजारी बसलेली मुलगी नंतर जन्मलेली.

"सर, माझी भीती हिला लागंल म्हणून मी हिला कधी कुशीत घेतलं न्हाई. बहिणीकडंच ठिवली. आता घेतलं तर चालंल का?"

"चालंल म्हंजे? घ्या की ताई!"

मालकांनी माइक ओढून घेतला आणि उद्यापासून येऊ नका, असं सरांना सगळ्यांदेखत सुनावलं. मला सरांची मानगूट धरावीशी वाटली. एक 'हो' म्हणायला काय जात होतं या माणसाचं? सरांचं लक्षच नव्हतं. ते त्या बाईंकडे बघत होते. बाईंनी बारावीतल्या, आपल्याहून उंच लेकीचं डोकं ओढून मांडीवर घेतलं होतं, आणि ती अवघडलेली पोर पाय कुठं ठेवावेत ते शोधत होती.