काढणीआधी किती दिवस

«काढणीआधी किती दिवस बंद करायची ही?»

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, माझ्या औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी उलटसुलट करत आप्पांनी हा पहिला प्रश्न विचारला आणि मी खो खो हसले. तेही हसले, पट्टी खिशात घातली आणि गेले.

आप्पा निफाडकडचे द्राक्षबागायतदार. मण्यात औषधाचा अंश उरू नये म्हणून काढणीआधी फवारणी थांबवायची, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. नाशकात काउंटरमागे बसून मला ते काय ठाऊक! हिपॅटायटिस बीमुळे त्यांना यकृताचा कॅन्सर झाला होता. मुंबईला ऑपरेशन करून गाठ काढली, पण विषाणू रक्तात होताच. त्याला दाबून ठेवायला रोज एक गोळी. «फांदी तोडली ताई, रोग बागेतच हाय,» असं तेच मला समजावायचे.

वर्षभर ठरल्या दिवशी आले. मग दोन महिने फिरकलेच नाहीत. दुसरीकडून घेत असतील म्हणून मी गप्प बसले. फोन करायला हवा होता, माझं चुकलंच.

आले ते बायकोच्या, आमच्या काकूंच्या, खांद्याला धरून. डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं. मोठी तपासणी म्हणजे त्यांच्या लेखी काढणी; तिच्यात औषधाचा अंश येऊ नये, रक्त खरं काय ते बोलावं, म्हणून या शहाण्या माणसाने गोळी बंद केली होती. विषाणू पुन्हा उसळला होता. डॉक्टरांनी भरती करून घेतलं आणि काकूंना बाजूला नेऊन फार आशा धरू नका म्हणून सांगितलं.

मी भेटायला गेले तेव्हा मला रडू आवरेना. म्हटलं, «आप्पा, मी हसले नसते तर...»

«उत्तर ऐकायला मीबी थांबलो नाय,» ते म्हणाले. «इथून उठलो तर एक काम करीन.»

आणि हा माणूस उठला की हो! गोळी पुन्हा सुरू झाली, महिन्या-दोन महिन्यांत कावीळ उतरली. त्यानंतर तपासणीच्या प्रत्येक बुधवारी आप्पा माझ्या दुकानातल्या स्टुलावर. त्या गोळीची चिठ्ठी घेऊन कुणी आलं की सदरा वर करून पोटावरचा व्रण दाखवायचे. «काढणीआधी बंद करायची नाय. बरं वाटलं तरी नाय. मी करून बसलोय.» मग लगेच, «घरच्यांचं रक्त तपासलं का?» लोक आधी बिचकायचे, मग ऐकत बसायचे. स्वतःचा मूर्खपणा असा भर दुकानात उघडा करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

नऊ वर्षं जगले. मग गाठ परत आली, या वेळी कापण्याजोगी नव्हती. शेवटचे आले तेव्हा पायरी चढवत नव्हती. माझ्याकडून पाणी मागून त्यांनी त्या दिवशीची गोळी घेतली. मी म्हटलं, «आप्पा, आज घरी पडायचं होतं.»

«बुधवार हाय ना,» ते म्हणाले. «स्टूल द्या.»

परवा बँकेतले एक साहेब तीच गोळी घ्यायला आले. मी पट्टी पुढे केली आणि म्हटलं, «काढणीआधी बंद करायची नाही.»

«कसली काढणी?»

मी आप्पांचं स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं. म्हटलं, «बसा.»