बैलगाडी उलटली, असं मी लिहिलं

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत सुविचार लिहायचा तर मीच, गावात कुणाचा अर्ज लिहायचा तर मीच, आणि आमच्या दाजींचं वाटोळं करणारा कागद लिहायचा तर तोही मीच! आता लपवून काय उपयोग? जे केलं ते केलं.

नव्वदच्या नंतरची गोष्ट. मी जाफराबाद तालुक्यात मास्तर होतो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, धावड्याला दिलेली. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, तिथं शिंपीकाम करायचे. ओट्यावर पायानं चालवायची मशीन आणि आसपासच्या गावांतल्या पोरांचे गणवेश शिवायला. शाळा उघडायच्या आधी ते जुन्या जालन्यातून कापडाचा गठ्ठा घेऊन निघाले आणि भोकरदनला काळ्या-पिवळ्या जीपमधे बसले. बसले कसले, मागं लटकले! जीप माझ्या साळ्याची, माझ्या बायकोच्या सख्ख्या भावाची. चालवतही तोच होता. सोयरे म्हणून त्यानं दाजींकडून भाडं घेतलं नाही, आणि आत जागाही दिली नाही. वळणावर समोरून ट्रक आला, जीप रस्ता सोडून खाली गेली आणि आडवी झाली. बाकीच्यांना खरचटलं. दाजींचा उजवा पाय जीपखाली सापडला.

निरोप मिळाल्यावर मी बायकोला घेऊन जालन्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो, तर साळा दारातच हात जोडून उभा.

"मास्तर, माझं नाव सांगू नका. गाडी ठाण्यात लावतील, मला आत टाकतील. पार बुडून जाईन मी."

बायको नुसती माझ्याकडं बघत राहिली. मंग काय विचारता!

आमच्याकडं रीतच आहे. सोयऱ्यानं सोयऱ्याचं नाव पोलिसाच्या वहीत घालायचं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून गाडीखाली आलेला माणूस दवाखान्यात झाडावरून पडलेला असतो, नाहीतर त्याला म्हशीनं उडवलेलं असतं. मंग घरी आल्यावर चार माणसं बसतात, चहा होतो आणि मिटतं. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?" मी म्हणालो, "बैलगाडी उलटली." डॉक्टरांनी एकदा पायाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि लिहून घेतलं.

जबाब घ्यायला आलेल्या जमादारानं कागद माझ्याकडंच सरकवला. "मास्तर हायेत ना तुम्ही? लिहा मंग." लिहिलं. बैलगाडी लिहिली, कुणाविरुद्ध तक्रार नाही असंही लिहिलं. दाजी गुंगीत होते. त्यांचा अंगठा मी धरला आणि खाली उठवला. अहो, त्यांना सही येत होती! झोकात सही करायचे.

अक्का खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "बराबर लिव्हलं ना रे?"

"बिलकुल," मी म्हणालो.

पाय वाचला, पण गुडघा काही वाकेना. मशीनवर पायच चालेना, आणि पाय चालला नाही तर शिंप्यानं करायचं काय? साळा दोनदा केळी घेऊन आला, नंतर यायचा बंद झाला. जीप दुरुस्त होऊन त्याच रस्त्यानं, दाजींच्या ओट्यासमोरून पळू लागली. दाजी लोकांच्या कपड्यांना हातानं काज-बटणं करत बसले. साल उलटलं तेव्हा बाजारात कुणीतरी अक्काला सांगितलं, की अपघाताची भरपाई मिळते. ती माझ्याकडं आली. म्हणाली, "तू शिकेल हायेस. मला वकिलाकडं ने."

नेलं. जालन्याच्या वकिलांनी आधी फिर्याद मागितली, मग पंचनामा. माझ्याकडं दवाखान्याचे कागद आणि जबाबाची नक्कल, एवढंच होतं. ते वाचून त्यांना हसू आलं. "बैलगाडी?" मग अक्काचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं.

"मास्तर, त्याच दिवशी खरं सांगायचं होतं हो. ठाण्यात फिर्याद, जागेवर पंचनामा, जीपचा नंबर, सोबतच्या दोघा-चौघांची नावं. डॉक्टरला खरं कारण. एवढंच लागतं."

"पण जीपवाला बुडाला असता. घरचाच माणूस आहे," मी म्हणालो.

"जीपचा विमा होता का?"

"होता."

"मंग भरपाई विमा कंपनीनं दिली असती! त्याच्या खिशाला काय धाड भरली असती? जामीनही लगेच झाला असता."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मी दरवर्षी पोरांकडून पाठ करून घ्यायचो. त्या पायरीवर कुणाला काय मिळतं, हे विचारायची अक्कल मला एकदाही झाली नाही. ज्याला वाचवायला मी खोटं लिहिलं, त्याला वाचवायची गरजच नव्हती. शिकलेलं गाढव!

वकील म्हणाले, "अजून एक वाट हाये. ज्यानं हे लिहिलं, त्यानं कोर्टात शपथेवर सांगायचं की मी खोटं लिहिलं. जीपमधली दोन माणसं मी शोधतो. केस उभी राहू शकते. हे अक्षर कुणाचं?"

मीच म्हणालो, "माझं."

"सरकारी नोकरी ना तुमची? नोकरीवर गदा येऊ शकते. विचार करून सांगा."

"बघू," मी म्हणालो.

बघू! दाजी बारा महिने पाय लांब करून बसलेले, आणि मी बघणार होतो.

परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसली, मी शेजारी. राजूर आलं. मग ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तू नको येऊ कोर्टात. लेकराबाळांचा धनी हायेस. नोकरी गेली तर काय करशील? आमचं व्हईल कसंबी."

मी म्हणायला हवं होतं, अक्का, मी येतो. दोनच शब्द. ते ओठापर्यंतही आले नाहीत. उलट छातीवरचा धोंडा कुणी उचलावा तसा माझा मोठा सुस्कारा सुटला, आणि तो अक्काला ऐकू गेला.