जोडाला लावलेला गाल

धुळ्यात आमच्या शेजारी राहणारे आबा प्लंबरला दारात उभं करत नसत. परसातल्या माशांच्या हौदाला त्यांनी निळ्या ड्रमचा फिल्टर घरीच केला होता, आणि त्याचे पाइप जोडावर सारखे गळत. आबा सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून काकूंना हाक मारत, "हात लाव वं, वलं शे का?" साखरेच्या दुखण्यानं त्यांची बोटं बधिर झाली होती.

काकू चाचपून म्हणत, "बठ्ठं कोरडं शे."

काकू गेल्या. आता आबा जोडाला गाल लावून बघतात.

परवा मी तिथंच होतो. गाल टेकवून ते बराच वेळ बसले, मग गालावरचं पाणी पुसत म्हणाले, "आजून गळी ऱ्हायनं, भाऊ." आणि नवी पट्टी आणायला आत गेले.

मी जोडावर हात फिरवला. कोरडा होता.