निंबावरच्या पाचजणी

बोरगावात गोपिकाकाकूशी जिचं भांडण झालं नाही अशी बाई शोधायला गावाबाहेर जावं लागलं असतं. ती माझ्या काकाची, बंडूजीची, बायको. मला ती आवडत नसे आणि तिलाही मी आवडत नव्हते, निदान मी तसंच धरून चालले होते. माणूस मेलं की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणतात. मी तसं काही बोलणार नाही. ती असती तर तिलाही ते खपलं नसतं.

तिचं माहेर रोहणा. आई लहानपणीच गेली. बाप संत्र्याच्या बागेचा राखणदार, तो पोरीला घेऊनच मचाणावर निजायचा. घड्याळ त्याच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नव्हतं. चांदणी कुठं आली ते बघायचं आणि वेळ सांगायची. ठळक चांदण्या तर कोणीही ओळखेल, पण त्याची एक लाडकी जागा होती. चार अंधुक चांदण्या, शंकरपाळ्याच्या चार कोपऱ्यांसारख्या जवळजवळ, आणि पाचवी जराशी दूर, खाली. तो त्यांना पाचजणी म्हणे. काकू ते नाव हुंडा आणल्यासारखं आमच्याकडे घेऊन आली. आम्हाला बोट धरून दाखवल्या तरी चारच दिसत, तीही डोळे बारीक केल्यावर. मग ती म्हणे, "डोये हायेत का बटनं?"

आमचा भाजीचा मळा. पहाटे मोट धरायची तर काकाला उठवणं हे तिचं काम. काका म्हणे अजून रात्र आहे. ती आभाळाकडे एकदा बघे आणि तांब्यातलं पाणी त्याच्या तोंडावर ओती. वेळ कधी चुकली नाही, काकाची कटकटही कधी थांबली नाही.

वर्ध्याच्या बाजारात टोपली घेऊन बसली की गिऱ्हाईक विचारायचं, मेथी ताजी आहे ना? ही सांगायची, "कालची हाय. ताजी पायजे तं उद्या या." काका कपाळावर हात मारून घ्यायचा. खोटं बोलणं तिला जमतच नव्हतं. तो काही तिचा चांगुलपणा नव्हता. समोरच्याला बरं वाटावं म्हणून शब्द वाकवायचा, इतकी तिला कोणाची पर्वाच नव्हती.

मूलबाळ झालं नाही. आजी, म्हणजे सीताबाई, तिला वीस वर्षं वांझ म्हणत आली. काकूही आजीला जे म्हणायची ते मी इथं लिहीत नाही. घरात आम्ही सात माणसं होतो. आजी, माझे वडील किसनराव, आई मनकर्णाबाई, काका, काकू, थोरला भाऊ श्रावण आणि मी. रोज सकाळी त्या दोघींच्या भांडणानं घर जागं व्हायचं. तरी म्हातारी आजारी पडून बाजेला खिळली तेव्हा दोन महिने तिचं हगणंमुतणं काकूनंच काढलं, शिव्या देत देत.

ते साल चोपन्न. माझं लग्न ठरलेलं होतं. त्याआधी दोन ठिकाणांनी मला नाकारलं होतं, एकानं रंगावरून आणि एकानं उंचीवरून. एकोणीस पुरी झाली होती, आई रात्रीची झोपत नव्हती. तिसरं स्थळ नाचणगावचं. मुलगा प्रभाकर पुलगावच्या गिरणीत होता. त्याचा बाप नव्हता, सगळा कारभार चुलता मनोहरराव बघायचा. तोही गिरणीतच, हजेरीबाबू. साखळीचं घड्याळ खिशात ठेवायचा आणि पाणी मागायच्या आधीसुद्धा ते काढून बघायचा. असा माणूस मला पहिल्या दिवसापासून डोक्यात गेला होता. पण मला कोण विचारतंय?

कार्तिक शुद्ध नवमीला संध्याकाळी शेजाऱ्यांच्या घरच्या साखरपुड्याचं जेवण होतं. आम्ही सगळे तिकडे. काकूचं त्या घराशी बोलणं बंद होतं म्हणून ती घरी, म्हातारीजवळ. आम्ही परत आलो तेव्हा आजीला खाली जमिनीवर घेतलेलं होतं, तोंडात तुळशीचं पान होतं, आणि काकू भिंतीला टेकून बसली होती. "गेली बुडी," एवढंच म्हणाली.

कधी गेली, वडिलांनी विचारलं. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायचं नाही हा रिवाज. म्हणून काकू वडिलांना जे सांगायचं ते भिंतीला सांगायची. पदर ओढून ती भिंतीला म्हणाली, "पाचजणी निंबाच्या शेंड्याले टेकल्या, तवाच गेली."

आमच्या अंगणात पश्चिमेला निंबाचं मोठं झाड होतं. त्या रात्री ते तेवढ्यावरच राहिलं. सकाळी भटजी आले आणि त्यांनी पंचांग उघडलं. काल रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी पंचक लागलं होतं. पंचकात ज्या घरात माणूस मरतं त्या घरातली आणखी पाच मरतात, ही समजूत. त्यावर उपाय म्हणजे पिठाचे पाच पुतळे करून मढ्याबरोबर जाळायचे. दहन पंचकात झालं तरी आमच्याकडे चालायचं, प्राण मात्र पंचकात जायला नको. भटजींनी असंही सांगितलं की पंचक लागतं ते अर्ध्या धनिष्ठेपासून, आणि काकूच्या पाचजणी म्हणजेच धनिष्ठा. काकू म्हणाली, नाव काही ठेवा, माझा बाप त्यांना पाचजणीच म्हणायचा.

घरात घड्याळ नव्हतं. आजी नऊच्या आधी गेली की नंतर, हे सांगू शकणारी एकटी काकू, आणि ती सांगत होती निंबाचं झाड. भटजी म्हणाले, संशय आहे तर पुतळे जाळून मोकळे व्हा. वडील हादरले. पुतळे जाळले म्हणजे पंचक लागलं असं स्वतःच कबूल करणं. मनोहररावाच्या भावाचं, म्हणजे प्रभाकरच्या बापाचं घर पंचकानंच धुऊन नेलं अशी त्याची पक्की समजूत होती. असल्या घरची मुलगी तर नाहीच, पाणीसुद्धा नको, हे त्यानं बोलणी करतानाच बजावलं होतं. पुतळे न जाळताच आजीला नेलं.

गावाला तोंड असतं. चौथ्या दिवशी नाचणगावहून निरोप आला, मृत्यूची वेळ पक्की कळल्याशिवाय लग्न होणार नाही. मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याची मला अजून चीड येते. वडील भिंतीकडे बघून विनवायचे, आई पाय धरायची, काका दात-ओठ खायचा. म्हण ना एकदा, नऊच्या आधी गेली. काकू कोणालाच बधली नाही.

"पायलं ते सांगतलं," ती म्हणाली. "घड्याय मले समजत नाई. ज्याले समजते त्याले बलवा. पण सुतकात नाई. तेरवीले या म्हना."

मी माजघरातून ऐकत होते. एका शब्दानं माझा जन्म मार्गी लागला असता आणि ही बया तो शब्द गिळून बसली होती. त्या आठ दिवसांत मी तिच्या मरणाची किती वेळा इच्छा केली त्याचा हिशेब नाही.

तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, मनोहरराव आला. पंगत उठली, दिवस बुडला, अंधार पडला. अंगणात बाज टाकून तो बसला, हातात घड्याळ आणि विजेरी. काकू दाराआड. ती आईच्या कानात सांगायची, आई मोठ्यानं. अजून उजवीकडे बघा, त्या ठळक चांदणीच्या वर. नाही, तिच्या बाजूला. मनोहररावाची मान दुखायला लागली. शेवटी त्याला चार दिसल्या. पाचवी दिसली नाही, पण हजेरीबाबूच तो, दिसली म्हणाला. मग सगळे निंबाकडे बघत बसलो.  माझं सगळं त्या झाडाच्या शेंड्यावर येऊन थांबलं होतं.

"टेकल्या," काकू आतून म्हणाली.

मनोहररावानं विजेरी पाडली घड्याळावर. आठ पंचवीस. त्यानं पुन्हा पाहिलं, कानाला लावून पाहिलं. नऊ पाचला अजून चाळीस मिनिटं होती. आभाळ म्हणजे मोठं घड्याळच, काटा तिथं आला की वेळ तीच, असं त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. मग दाराकडे वळला. "बाई, त्या राती अगदी इथंच होत्या? शपथ घ्या."

"इथंच होत्या. माह्या बापाची शपथ," काकू म्हणाली.

बोरगावात तिच्या शब्दावर अविश्वास ठेवणारं कोणी नव्हतं. शिळ्या मेथीला शिळी म्हणणारी बाई. म्हातारी पंचकाआधी गेली असं ठरलं, आई रडायला लागली, वडिलांनी मनोहररावाच्या हाताला हात लावला. काकू आत जाऊन भांडी घासत बसली.

माघात माझं लग्न झालं. सासर कसं होतं ते सांगत बसत नाही. नवरा मारत नव्हता, एवढं पुरे. मनोहरराव भाकरी भाजायलाही घड्याळ लावायचा. ओसरीत भिंतीवर मोठं घड्याळ होतं, येता-जाता दिसायचं.

पुढच्या कार्तिकात एकदा अंगणात बसले होते. सहज त्या दिसल्या. समोरच्या घराच्या आढ्यावर टेकत होत्या. आत घड्याळात नऊ वाजत होते. आठवड्यानं पुन्हा पाहिलं तर त्या आढ्यावर आल्या तेव्हा घड्याळात अजून साडेआठ होत होते. मला आधी वाटलं घड्याळ बंद पडलं होतं. मग रोज पाहू लागले. रोज त्या चार मिनिटं आधी येत होत्या. दिवसाला चार. नवमीपासून तेरवीपर्यंत बारा दिवस.

मी बोटांवर मोजलं. अठ्ठेचाळीस मिनिटं. मनोहररावाच्या आठ पंचवीसात ती मिळवली तर नऊ तेरा. आजी पंचकातच गेली होती, आठ मिनिटं आत.

काकू त्या पाचजणींवर वेळ बघून पहाटेची मोट धरायला लावत होती. त्या रोज किती सरकतात हे तिला ठाऊक नसेल? म्हणून तर "तेरवीले या." एक शब्दही खोटा न बोलता तिनं एका घड्याळवाल्याला बनवलं होतं.  कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर मलाच माहेरी परत धाडलं असतं.

माहेरी जायचे तेव्हा काकू मला राहू देत नसे. दुपारी पोचावं तर संध्याकाळी ही माझं बोचकं दारात आणून ठेवायची. लग्न झालं ना, आता इथं काय ठेवलंय, असं चारचौघांत बोलायची. आई कुरकुरायची, पण काकूपुढे कोणाचं चाललंय? मी चरफडत परत जायचे.

छप्पन्नच्या पौषात वडील तापानं गेले. पाच दिवसांचा ताप, सहाव्या दिवशी संपलं. त्यांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी बोचकं घेऊन पुन्हा आले, तेव्हा दुपारी काकू मळ्यात मेथी निवडत होती. माझं बोचकं तिनं मी पोचताच दारात आणून ठेवलेलं. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं तोंडावर फेकलं. घड्याळ, आढं, चार मिनिटं, नऊ तेरा. म्हटलं, पुतळे जाळले असते तर बाबा आज असते. तुला ठाऊक होतं. माझ्या लग्नापायी तू घर मारायला काढलंस आणि मला मात्र उंबऱ्यातसुद्धा उभी करत नाहीस.

तिनं जुडी बांधली. वर पाहिलं नाही.

"तुह्या लग्नापायी नाई," ती म्हणाली. "भटाच्या पिठावर माहा भरोसा नाई. बुडी गेल्यावर घरात आपुन सहा होतो. पंचकाले पाच लागते. लग्न मोडलं असतं तं तू इथंच राह्यली असती, सहातली एक. आता तू दुसऱ्या घरची. तू गेली तवा इथं आमी बरोबर पाच राह्यलो. मोजनारा मोजन, तं तुह्यापरेंत येनार नाई. म्हनून इथं निजू देत नाई तुले."

 वीस वर्षं वांझ म्हणवून घेतलेल्या बाईनं सगळं घर एका पारड्यात घातलं होतं, स्वतःसकट, आणि दुसऱ्या पारड्यात मी होते. मला पंचक खरं वाटत होतं की नाही हे मला आजही सांगता येत नाही. राग मात्र खरा होता.

"अन् श्रावण?" मी विचारलं. "माही माय? ते तुहे कोणी नाई?"

 काकू मेथीची काडी मोडत राहिली.  पन्नाशीची बाई त्या दिवशी मला एकदम म्हातारी दिसली.

"ते बी माहेच हायेत," ती म्हणाली. "पन एकच काढता येत होतं."

मग नेहमीच्या आवाजात म्हणाली की दिवस कलला, पुलगावची गाडी चुकेल, ऊठ. मी उठले, घरात गेले आणि बोचकं सोडलं. लुगडं दांडीवर टाकलं, चोळ्या कोनाड्यात ठेवल्या. ती मागून आली आणि दारात उभी राहून बघत राहिली.

"मी आज इथंच निजतो, काकू," मी म्हटलं. "उद्या बी."

तिनं मला पोट्टी म्हटलं, बिनडोक म्हटलं, आईबापावरून बोलली, शेजारच्या बाया गोळा होतील इतक्या मोठ्यानं बोलली. मी चुलीसमोर पाट मांडून बसले. बोलून बोलून ती दमली.

"मर मंग," ती म्हणाली, आणि माझं ताट वाढलं.